वेल्सचे डोंगर हिवाळ्यात: उंची कमी, पण दिवस त्याहून लहान

सप्टेंबरात कार्डिफला शिकायला आलेल्या सहा जणांच्या ग्रुपचा हा प्रश्न आहे. नाताळच्या सुट्टीत पेन अ व्हॅन हा डोंगर करायचा, जमलं तर स्नोडनही. पाच जणांचे राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई झालेले, एक मैत्रीण पहिल्यांदाच डोंगर चढणार. गाडी नाही, बजेट विद्यार्थ्यांचं. कळसूबाई १६४६ मीटर आणि स्नोडन जेमतेम १०८५, मग सगळे इतकं जपून का बोलतात, आणि तयारी नेमकी काय करायची?

मी मूळची जुन्नरची. हडसर, चावंड, जीवधन हे शाळेच्या वयात पायाखालून गेलेले. गेली १९ वर्षं साउथ वेल्समध्ये राहते, इथली 'माउंटन लीडर' ही पात्रता घेतली आहे आणि सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळींना, नव्या आलेल्यांना डोंगरात घेऊन जाते. तुम्ही उंचीचं जे गणित मांडलंय तेच मी पहिल्या हिवाळ्यात मांडलं होतं, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी आतून कळतो.

आधी सरळ उत्तर देते. पेन अ व्हॅन जमेल, पण त्याआधी दोन छोटे डोंगर करा आणि तो दिवस हवामान बघून निवडा, सुट्टी बघून नव्हे. स्नोडन या सुट्टीत नको. का नको ते पुढे सांगते.

सह्याद्रीत आपण डोंगर चढाने मोजतो. इथे हिवाळ्यात तो उजेडाने, वाऱ्याने आणि ओलाव्याने मोजावा लागतो. उजेडाचंच घ्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कार्डिफला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या ठोक्याला मावळतो. पावणेआठ तासांचा दिवस. त्याच तारखेला पुण्यात ११ तास मिळतात. शिवाय भर दुपारी बारा वाजताही सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंश वर असतो, त्यामुळे डोंगराच्या उत्तरेकडच्या कुशीत दिवसभर ऊन पोचतच नाही. पहाटे वाटेवर धरलेला बर्फाचा पापुद्रा तिथे दुपारीही तसाच असतो. आपल्याकडे ट्रेकला उशीर झाला तर फार तर टॉर्च लावून गावात उतरतो, कोणाच्या तरी पडवीत चहा मिळतो. इथे वाटेत गाव नसतं, पडवी नसते, आणि अंधार पडला की तापमान भराभर खाली येतं.

वाऱ्याचा हिशेबही एकदा करून बघा. उंची १०० मीटरने वाढली की तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं. कार्डिफमध्ये ५ अंश असतील तर ८८६ मीटरच्या पेन अ व्हॅनवर शून्याच्या आसपास असणार. एवढ्याने कोणी घाबरत नाही. पण माथ्यावर ताशी ४० मैलांचा वारा असेल, आणि हिवाळ्यात असे दिवस पुष्कळ असतात, तर तेच शून्य अंगाला उणे ९ सारखं लागतं. तेही अंग कोरडं असेल तर. इथला पाऊस आपल्यासारखा धो धो कोसळत नाही. तो आडवा येतो, बारीक येतो आणि तासन् तास येतो. आपल्याला भिजायची सवय आहे, नव्हे, भिजायला आपण राजमाचीला जातो. ओल्या अंगाने २४ अंशांत चालणं आणि ओल्या अंगाने शून्य अंशात वाऱ्यात उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सह्याद्रीतला कितीही अनुभव असला तरी हा फरक शरीराला आधी माहीत नसतो.

माझ्या पहिल्या जानेवारीत आम्ही पाच जण पेन अ व्हॅनच्या पायथ्याच्या स्टोरी आर्म्सवरून निघालो. वर धुकं होतं, खाली नव्हतं, म्हणून फिकीर केली नाही. एका मित्राने जीन्स घातली होती. माथ्यावर पोचल्यावर आपल्या सवयीप्रमाणे सगळ्यांनी डबे उघडले आणि गप्पांत पाऊण तास बसलो. उठलो तेव्हा दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. ज्या बाजूने आलो असं वाटलं त्या बाजूने उतरायला लागलो. वाट एकदम खडी झाली, पायऱ्यांसारखे दगड आले, आणि कोणीतरी म्हणालं की येताना हे लागलं नव्हतं. होकायंत्र काढलं तर आम्ही पश्चिमेऐवजी पूर्वेला, शेजारच्या क्रिबिन शिखराच्या दिशेने उतरत होतो. परत वर चढायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात जीन्सवाला मित्र मागे पडू लागला. आधी चिडचिड केली, मग गप्प झाला, मग अडखळायला लागला. जॅकेटची चेन त्याला लावता येईना. बोललेलं जड जिभेचं येत होतं. आम्हाला वाटलं दमलाय.

समोरून आलेल्या दोन वयस्कर वेल्श गृहस्थांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता पाठीवरच्या सॅका उतरवल्या. त्याला दगडाच्या आडोशाला नेलं, नारिंगी रंगाच्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यापर्यंत बसवलं, कोरडी टोपी घातली, गरम गोड पाणी घोटघोट पाजलं, दोघांना त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसायला लावलं. अर्ध्या तासाने त्याचं बोलणं पूर्ववत झालं, आणि त्या दोघांनी आम्हाला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. शरीराचं आतलं तापमान उतरायला लागलं की माणूस असाच दिसतो: चिडतो, गप्प होतो, अडखळतो, बोटं चालत नाहीत, जीभ जड होते. तो स्वतः मात्र 'मी ठीक आहे' म्हणतो. म्हणून हे लक्षण त्याने सांगायचं नसतं, सोबतच्यांनी ओळखायचं असतं. तुम्ही सहा जण आहात. तीन जोड्या करा आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचं तोंड दर अर्ध्या तासाने नीट बघायचं, त्याला काहीतरी साधं विचारायचं. दिवसभरात एवढी एकच शिस्त पाळलीत तरी खूप झालं.

आता कपडे. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब ओढून घेतं. अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं टोपीचं जॅकेट. पायात साधी ट्रॅकपँट चालेल, पण वरून घालायची रेनपँट सॅकमध्ये हवीच, आणि ती पाऊस सुरू व्हायच्या आधी घालायची. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, कारण पहिला भिजतोच. आईने सामानात कानटोपी कोंबली असेल तर ती काढा. कान, हनुवटी, मान सगळं झाकणारी आपली माकडटोपी इथल्या वाऱ्यात फार कामाची आहे. एक जाड स्वेटर किंवा पफर जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये ठेवा, चालताना घालू नका. ते थांबल्यावर घालायचं आहे. चालताना थोडं गार वाटलं पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर अर्ध्या तासात घामाने आतून भिजाल आणि माथ्यावर तोच घाम गोठेल.

बुटांवर पैसे घाला, बाकी गोष्टी चॅरिटी शॉपमध्ये निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. विद्यापीठात हायकिंग क्लब असेल तर त्यांच्याकडे विचारा, बऱ्याचदा उसनं मिळतं. बूट घोट्याच्या वरचे, खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. आपले सह्याद्रीतले बूट बेसॉल्टच्या कोरड्या कातळावर चिकटायला चांगले असतात, पण इथे पायाखाली गवत, चिखल आणि ओला वालुकाश्म असतो. घसाऱ्यावरून उतरायची तुमची सवय कामाला येईल, फक्त इथे दगड घसरत नाही, तुमचा बूट घसरतो.

प्रत्येकाकडे हेडटॉर्च. सहा जणांत दोन नव्हे, सहा. मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च नाही, कारण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते आणि नकाशाही त्याच मोबाइलमध्ये असतो. मोबाइल आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणातला कागदी नकाशा घ्या. पेन अ व्हॅनच्या भागासाठी ओएल १२ क्रमांकाचा. होकायंत्र आणि शिट्टी घ्या. ती नारिंगी पिशवी काही पौंडांत मिळते, दोन घ्या. संकटाची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. रेंज असेल तर ९९९ लावायचा, पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवं असं सांगायचं. ही पथकं स्वयंसेवकांची असतात, वाचवण्याचे पैसे घेत नाहीत. कमी रेंजमध्ये फोन लागत नाही पण मेसेज जातो; त्यासाठी ९९९ ला मेसेज पाठवण्याची सोय आधी नोंदवावी लागते. इंग्रजीत 'रजिस्टर' हा एक शब्द ९९९ वर मेसेज करा आणि येणाऱ्या सूचना पाळा. हे आज खोलीत बसूनच करा, सहाही जणांनी.

नकाशाकडे वळते, कारण मला त्यात फार आनंद आहे आणि तुम्हालाही होईल. इथली गावं आणि डोंगर वेल्श भाषेत बोलतात. थोडे शब्द कळले की जमीन आधीच कळते. बूल्ख म्हणजे खिंड. कूम म्हणजे हिमनदीने कोरलेली, डोंगराच्या कुशीतली वाटीसारखी दरी. नांत म्हणजे ओढा, पेन म्हणजे माथा, मोएल म्हणजे झाडं नसलेला बोडका डोंगर, क्राइग म्हणजे कातळ. कोर्स किंवा गोर्स हा शब्द नकाशावर दिसला तर सावध व्हा, ती दलदल. एफ हे अक्षर 'व' वाचायचं, म्हणून लिहिताना फॅन आणि बोलताना व्हॅन. दोन एल आले की जीभ 'ल'च्या जागी टेकवून नुसता श्वास सोडायचा. चार दिवस प्रयत्न केला की जमतं. पेन अ व्हॅनच्या शेजारच्या शिखराचं नाव कोर्न दी, म्हणजे काळं शिंग. त्याखालच्या खिंडीचं नाव बूल्ख दिविंट, काळ्या वाऱ्याची खिंड. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना तिथे काय होतं ते ठाऊक होतं. पहिल्यांदा वारा अंगावर येतो तो तिथेच. रस्त्यांवर पांढऱ्या ठळक अक्षरांत 'आराव' लिहिलेलं बसमधून दिसेल. त्याचा अर्थ 'हळू'. आमच्या ग्रुपमध्ये कोणी पुढे पळायला लागलं की मागून 'आराव' अशी हाक जाते.

नावांचा आणखी एक मुद्दा. या दोन्ही राष्ट्रीय उद्यानांनी आता वेल्श नावं पुढे आणली आहेत. स्नोडनला 'अर विद्वा' आणि स्नोडोनियाला 'एररी' म्हणायचं असं २०२२ च्या नोव्हेंबरात ठरलं, पेन अ व्हॅन ज्यात येतो त्या ब्रेकन बीकन्सचं 'बान्नाय ब्रखेइन्योग' २०२३ च्या एप्रिलात झालं. बसवर, पाट्यांवर, हवामानाच्या अंदाजात ही नावं दिसतील तेव्हा गोंधळू नका. वाटेत भेटलेल्याला 'बोरे दा' म्हणा, सुप्रभात. कोणी फाटक उघडून धरलं तर 'दिओल्ख', धन्यवाद. आपली भाषा जपणारी ही माणसं आहेत, एवढ्याने चेहरा फुलतो.

आता क्रम. पहिल्या शनिवारी गार्थ. कार्डिफहून ट्रेनने टॅफ्स वेल स्टेशन, तिथून चालत. ३०७ मीटरची टेकडी, माथ्यावर कांस्ययुगातले दफनाचे उंचवटे, आणि खाली अख्खं कार्डिफ आणि त्यापलीकडे समुद्राची खाडी. तुमच्या सगळ्यांच्या बुटांची, जॅकेटांची आणि चालण्याच्या वेगाची परीक्षा इथे घ्या, जिथून अर्ध्या तासात खाली येता येतं.

दुसऱ्या शनिवारी ॲबरगॅवेनी. कार्डिफहून ट्रेनने ४० मिनिटांच्या आसपास, आणि गाव डोंगरांनी वेढलेलं. गाडी नसणाऱ्यांसाठी साउथ वेल्समध्ये याहून चांगलं ठिकाण मला माहीत नाही. शुगर लोफ ५९६ मीटरचा आहे, गावातूनच वाट निघते, आधी शेतं, मग ओकची झाडी, मग तांबूस वाळलेल्या नेच्यांचा उघडा उतार आणि शेवटी थोडासा खडक. हिवाळ्यात या नेच्यांचा रंग बघा, भाजलेल्या विटेसारखा असतो, आणि कलत्या उन्हात सगळा डोंगर पेटल्यासारखा दिसतो. पूर्वेला स्किरिड दिसेल, ४८६ मीटर, एका बाजूने खिंडार पडलेला. येशूला क्रुसावर चढवलं त्या क्षणी हा डोंगर दुभंगला अशी लोककथा आहे, आणि माथ्यावर संत मायकेलच्या लहानशा देवळाचे अवशेष आहेत. भूस्खलनाने पडलेल्या त्या खिंडाराची माती पवित्र मानून लोक घेऊन जात. आपल्याकडच्या डोंगरांसारखंच, जिथे कडा तुटलेला, तिथे गोष्ट असणारच.

वाटेत शेतं लागतील. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची सार्वजनिक वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मोकळी. वाट खासगी शेतातून जात असली तरी चालण्याचा हक्क तुमचा आहे. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, कारण शेतकऱ्याने मेंढ्यांना पाण्यावर जाण्यासाठी ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. हिवाळ्यात मेंढ्या गाभण असतात. त्यांना पळवू नका, वळसा घाला.

हे दोन झाल्यावर पेन अ व्हॅन. कार्डिफहून ब्रेकनकडे जाणारी टी४ बस स्टोरी आर्म्सला थांबते, साधारण दीड तास लागतो. नाव जुन्या सराईचं आहे पण आता तिथे मैदानी शिक्षणाचं केंद्र आहे, तेव्हा जेवणाची आशा धरून उतरू नका. २५ डिसेंबरला ट्रेन आणि बस बंद असतात आणि २६ लाही फारसं काही चालत नाही, म्हणून हे दोन दिवस सोडा. परतीची बस किती वाजता आहे ते निघण्याआधी लिहून घ्या. चुकली तर पुढची येईपर्यंत अंधारात, वाऱ्यात, रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागेल.

रस्ता ४४० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे चढ साधारण साडेचारशे मीटरचा. बारी गावातून कळसूबाईला जेवढं चढता त्याच्या जवळपास निम्मा. पाँट आर डाव्हच्या बाजूने जाऊन येऊन साडेसहा किलोमीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा घालून दिला, तो आजही वापरतात: ५ किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक. त्याप्रमाणे दोन तास होतात. हिवाळा, सहा माणसं, कपडे बदलण्याचे थांबे धरून मी चार तास ठेवीन. दहाला चालायला लागा. आणि आदल्या रात्रीच, घरात बसून, परत फिरण्याची वेळ ठरवा: दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून मागे वळायचं. माथा समोर शंभर पावलांवर असला तरी. ही वेळ डोंगरावर ठरवायची नसते, कारण तिथे प्रत्येकाला 'एवढं आलोय तर' असं वाटत असतं. आणि परत फिरू या असं एकाने म्हटलं तर पाच जणांनी कारण विचारायचं नाही. मी ज्यांच्याबरोबर गेली १५ वर्षं चालते त्या मैत्रिणींमध्ये हा करार आहे. आम्ही कितीतरी डोंगर अर्धे सोडलेत आणि आजही एकत्र चालतोय.

माथा सपाट आहे, आपल्या सड्यासारखा. लाल वालुकाश्माचे थर एकावर एक, आणि उत्तरेला सरळ तुटलेला कडा. धुक्यात याच बाजूला चूक होते. बर्फ पडलेला असेल तर कड्याबाहेर बर्फाचा छज्जा तयार होतो, वरून तो घट्ट जमिनीसारखा दिसतो आणि खाली काहीच नसतं. काठापासून लांब राहा, फोटोसाठीही जाऊ नका. माथ्यावर पोचताक्षणी, डबा उघडण्याआधी, परतीची दिशा होकायंत्रावर लावून ठेवा. जेवण माथ्यावर नको, थोडं खाली, वाऱ्याच्या आडोशाला, दहा मिनिटांत.

कोर्न दीच्या अंगाने जाणारी वाट घेतलीत तर धारेवर एक दगडी स्तंभ लागेल. १९०० च्या ऑगस्टमध्ये टॉमी जोन्स हा पाच वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आजोबांच्या शेतावर निघाला होता. संध्याकाळी तो वाट चुकला. लोकांनी खालच्या दऱ्या पिंजून काढल्या. एवढंसं मूल इतकं वर चढून गेलं असेल असं कोणाच्या मनात आलं नाही. २९ दिवसांनी तो त्या धारेवर सापडला. मी दरवेळी तिथे थांबते.

आता स्नोडन. तिथे हिवाळ्यात बर्फ आणि गोठलेली जमीन असते, आणि सगळ्यात सोपी समजली जाणारी लॅनबेरिसची वाटच तेव्हा फसवते. क्लोग्विन कोखच्या वर, वाट रेल्वेच्या जवळून जाते तिथे, बर्फ साचून वाटेचा सपाट पट्टा बुजतो आणि एक सलग, बाहेरून फुगीर उतार तयार होतो. पाय सटकला की थांबायला जागा नाही, खाली कडा. पिग आणि मायनर्स वाटांची शेवटची वळणं बूल्ख ग्लासखाली अशीच टणक होतात. तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे धातूचे काटे, आणि बर्फाची कुऱ्हाड लागते, आणि ती नुसती जवळ असून भागत नाही, वापरायला शिकावं लागतं. माझी स्वतःची पात्रता बर्फाच्या परिस्थितीसाठी नाही. त्यासाठी वेगळी 'विंटर माउंटन लीडर' असते. म्हणून तिथे बर्फ असेल तर मीही कोणाला नेत नाही. हिवाळ्यात वरची ट्रेन बंद, माथ्यावरची इमारत बंद.

पण नॉर्थ वेल्सला जायचंच असेल तर दोन रात्री राहायच्या तयारीने जा आणि कूम इद्वाल बघा. तलावाभोवतीची फेरी पाच किलोमीटरच्या आत, चढ थोडा, आणि चहूबाजूंनी हिमनदीने कोरलेले काळे कडे. १८३१ मध्ये तरुण डार्विन इथे जीवाश्म शोधत फिरला आणि हिमनदीच्या खुणा डोळ्यांसमोर असूनही त्याला दिसल्या नाहीत. १८४२ मध्ये परत आला तेव्हा त्या लख्ख दिसल्या, आणि त्याने त्यावर लेख लिहिला. वाटेवरचे ओरखडे पडलेले कातळ बघाल तेव्हा हे आठवा. थोडं पुढे पेन-अ-ग्वरिद हे हॉटेल आहे, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या चमूने तिथे राहून सराव केला होता.

हवामानासाठी शहराचा अंदाज बघू नका. मेट ऑफिस आणि 'माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस' दोघेही या डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतात. त्यात सगळ्यात आधी वारा वाचा, मग ढग किती उंचीवर आहेत ते, पाऊस शेवटी. माथ्यावर ताशी ३५ मैलांच्या वर असेल तर नव्या माणसांना घेऊन मी धारेवर जात नाही. त्या दिवशी गावर द्वीपकल्पावर, रोसिलीच्या समुद्रावर जा. वर्म्स हेड हे तिथलं समुद्रात गेलेलं खडकाळ टोक ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे अडीच तासच चालत गाठता येतं, तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघूनच पाय टाका.

एवढं सगळं जपून हिवाळ्यात जायचं तरी कशाला, असं तुमच्यातला एखादा विचारेल. हवेचा दाब वाढलेल्या शांत थंडीत कधी कधी गार हवा खोऱ्यात अडकते. अस्क नदीचं खोरं धुक्याने काठोकाठ भरतं आणि शुगर लोफ, स्किरिड, पेन अ व्हॅन त्यातून बेटांसारखे वर येतात. खाली कार्डिफ राखाडी आणि ओलं, वर निळं आकाश आणि गोठलेल्या गवताची करकर. अशा एका सकाळी, सूर्य पाठीशी कलता असताना, आम्ही धारेवरून खालच्या धुक्यात बघितलं आणि प्रत्येकीला स्वतःची लांबच लांब सावली दिसली, डोक्याभोवती सप्तरंगी गोल कडं. इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर १८३५ मध्ये कर्नल साइक्सने पाहिल्याची नोंद आहे तेच. कोकणकड्यावर ते पावसाळ्यात शोधतात. मला ते वेल्सच्या जानेवारीत मिळालं. गंमत अशी की प्रत्येकीला कडं फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं, शेजारणीच्या नाही. आम्ही बराच वेळ 'तुला दिसतंय का, मला दिसतंय' करत होतो. वर लाल घारी तरंगत होत्या. एकेकाळी अख्ख्या ब्रिटनमध्ये त्या फक्त मध्य वेल्समध्येच तग धरून राहिल्या होत्या.

खाण्याचं विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल असं सांगते. दशम्या किंवा ठेपले, कारण ते गारठले तरी चावता येतात, ब्रेड भिजतो. शेंगदाण्याची चिक्की खिशात, सॅकमध्ये नव्हे, म्हणजे न थांबता तोंडात टाकता येते. दर तासाला थोडं खा, भूक लागायची वाट बघू नका. थर्मासमध्ये आलं घातलेला गोड चहा, दोघांत एक तरी. संक्रांतीच्या शनिवारी आम्ही तिळगूळ घेऊन जातो आणि वाटेत भेटेल त्याला देतो. पेम्ब्रोकशरमधल्या कूम ग्वाइनमध्ये जुन्या कालगणनेप्रमाणे १३ जानेवारीला नवं वर्ष साजरं होतं, मुलं दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि त्यांना खाऊ-पैसे मिळतात. आपल्या संक्रांतीच्या आदल्याच दिवशी. हे एका वेल्श मैत्रिणीला सांगितल्यापासून ती दरवर्षी तव्यावर भाजलेले वेल्श केक घेऊन येते आणि आमच्याकडून तिळाच्या वड्या घेऊन जाते.

राहिली तुमची पहिल्यांदा येणारी मैत्रीण. तिला शेवटी ठेवू नका. मागचा माणूस पोचतो तेव्हा पुढचे विश्रांती संपवून निघालेले असतात, आणि त्याला कधीच थांबायला मिळत नाही. तिला दुसऱ्या नंबरवर चालवा, सगळ्यांत अनुभवी व्यक्तीच्या मागे, आणि पुढच्याने तिच्या बोलण्याच्या वेगाने चालायचं: चालता चालता तिला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तिचे बूट गार्थच्या आधी आठवडाभर कॉलेजला जाताना घालायला सांगा. नकाशा थोडा वेळ तिच्या हातात द्या. आणि परत फिरायचं म्हणण्याचा हक्क तुम्हा पाचांइतकाच तिलाही आहे, हे तिला बस पकडण्याआधीच, सगळ्यांसमोर सांगा.